लाल स्क्रीनवरची पाटी

आमच्या शाळेत माणसांपेक्षा पाट्या जास्त बोलतात. मी तिथे संगणक शिकवते. शाळा गुलटेकडीच्या मागच्या बाजूला, मार्केट यार्डातून निघालेले टेम्पो आमच्या फाटकासमोरून खडखडत जातात, त्यामुळे पहिल्या तासाला माझा घसा निम्मा बसलेला असतो. पण पाट्यांचं सांगत होते. आमच्या मुख्याध्यापकांना पाट्या लिहिण्याचा नाद आहे. अक्षर सुरेख, आणि जिभेला धार. नळावर लिहिलंय, "नळ बंद केल्याने हात झिजत नाहीत." जिन्यावर, "जिना चढण्यासाठी आहे. बसण्यासाठी घरी सोफा असावा." पालकांना थांबायच्या बाकामागे भिंतीवर तर कहर आहे: "आपला पाल्य हुशार आहे हे आम्हांला कळले. आता शिक्षकांनाही दोन शब्द बोलू द्यावेत."

मी हसायचे. खोटं कशाला बोलू, मनापासून हसायचे. मीही इथलीच. आमच्या घरात सरळ उत्तर देणं म्हणजे समोरच्याला बिनडोक समजणं. "जेवलीस का?" असं कुणी विचारलं तर आई म्हणायची, "नाही, ताटाकडे बघून पोट भरलं." अशा घरात वाढलेल्या बाईला सरांच्या पाट्या परक्या वाटायचं कारण नव्हतं. पाहुणे यायचे, पाट्यांचे फोटो काढायचे, इकडेतिकडे पाठवायचे. शाळेचं नाव निकालापेक्षा पाट्यांमुळे जास्त झालं होतं, आणि सरांना त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

मग दोन पोरांनी संगणक कक्षात नको ते काहीतरी उघडलं, एका पालकांना कळलं, आणि संस्थेच्या बैठकीत गदारोळ झाला. ठरलं की इंटरनेटला फिल्टर लावायचा. मीही त्याच बाजूची होते, आजही आहे. पोरांच्या पुढ्यात जगातली सगळी घाण मोकळी सोडायची आणि वर म्हणायचं की त्यांना समज येईल, हा शहाणपणा मला पटत नाही. तर एक दिवस कंपनीचा मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र, अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी. सगळं बसवून झाल्यावर म्हणाला, "सर, ब्लॉक झालं की स्क्रीनवर एक मेसेज येतो. डिफॉल्ट ठेवू की तुमचा काही कस्टम देताय?"

सरांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच हसू आलं. त्यांनी त्या मुलाला चहा पाजला, बसवून ठेवला, आणि अर्ध्या तासाने कागद पुढे केला. पूर्ण स्क्रीन लाल, आणि त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरात: "हे शोधायला आई-वडिलांनी शाळेत पाठवलंय का?"

लाल रंग मुद्दाम. सरांचं म्हणणं, बाई वर्गाच्या कुठल्याही कोपऱ्यात असल्या तरी त्यांना दिसलं पाहिजे. पालकसभेत त्यांनी तो पडद्यावर दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "सर, हे आमच्या सोसायटीतल्या पोरांनाही लावा." शेजारच्या शाळेने मजकूर मागून नेला. नियमही झाला की ज्याच्या स्क्रीनवर लाल येईल त्याच्या पालकांना बोलवायचं.

पहिला लाल पाचवीतल्या एका चिमुरडीला आला. ती विज्ञानाच्या प्रकल्पासाठी सस्तन प्राणी शोधत होती. आता यात त्या यंत्राला काय दिसलं ते शहाण्याला सांगायला नको. बिचारी हमसून हमसून रडली, तिला वाटलं गायीवर लिहिणं हा गुन्हा आहे. शिक्षकांच्या खोलीत हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. मी सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, हे यंत्र शब्द बघतं, वाक्य बघत नाही. जरा सैल करू या." सर म्हणाले, "बाई, चाळणी बारीकच असावी. एखादा दाणा गेला वाया तर जाऊ दे." त्या चिमुरडीच्या पालकांना तेवढं बोलावलं नाही. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं.

गणपतीनंतर कधीतरी एक वक्ते आले, मुलांना ऑनलाइन धोके समजावून सांगायला. कोट घातलेले, आवाज खणखणीत. सभागृह छोटं म्हणून आठवी-नववीच्या फक्त मुलींना बसवलं आणि मुलांना मैदानावर सोडलं. मी म्हटलं, "अहो, मुलांना पण ऐकू दे की." तर खेळाचे सर म्हणाले, "मुलांचं काय जातंय, बाई?" मला वाटतं त्या वर्षी आमच्या शाळेत उच्चारलेलं सगळ्यात मूर्ख वाक्य तेच होतं. आणि स्पर्धा कमी नव्हती.

आत वक्त्यांनी पोरींना पुरतं गारठवून टाकलं. "एक फोटो. फक्त एक फोटो गेला की संपलं. तो परत येत नाही. तुमची अब्रू, तुमच्या आई-वडिलांची मान, सगळं गेलं. मग रडून उपयोग नाही." फोटो गेलाच तर पुढे काय करायचं, कुणाकडे जायचं, यावर चकार शब्द नाही. शेवटी विचारलं, "काही शंका?" एवढं ऐकल्यावर कोण शंका विचारतंय? मैदानावरून पोरांचा गोल झाल्याचा आरडाओरडा येत होता. आभाराच्या वेळी मी वक्त्यांना नारळ दिला. आता आठवलं की वाटतं, त्यांच्याच डोक्यात घालायला हवा होता.

त्या सभागृहात तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसली होती, आणि ही सगळी तिचीच हकिगत आहे. नववीतली. हुशार म्हणजे पहिल्या पाचात येणारी नव्हे, पण चौकस. संगणकाच्या तासाला सगळ्यांचं झालं तरी ही विचारणार, "बाई, पण हे असंच का करायचं?" मला असली पोरं आवडतात. वडिलांचा स्वतःचा टेम्पो, पहाटे मार्केट यार्डातून भाजी भरून उपनगरांत पोचवायची. आई स्वारगेटजवळ पोळी-भाजी केंद्र चालवायची. केंद्राचं इंटरनेटवर एक पान होतं आणि ते या मुलीनेच बनवलं होतं. मला दाखवलं होतं तिने, पुरणपोळ्यांचे फोटो, खाली गिऱ्हाइकांची वाहवा. "बाई, आईला वाटतं मी काहीतरी मोठं केलंय," असं म्हणून लाजली होती. मी म्हटलं, "मोठंच केलंयस गं." घरात इंटरनेटचा फोन एकच, आईचा, आणि तो वडील संध्याकाळी बघायचे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. नववीचा तास. मी कोपऱ्यातल्या एका मशीनची निघालेली वायर बसवत टेबलाखाली वाकले होते. अचानक वर्गात खसखस पिकली. मग कुणीतरी मोठ्यांदा वाचलं, "हे शोधायला आई-वडिलांनी..." आणि पोरांचा कोरस झाला. मी उठून बघते तर खिडकीजवळचा स्क्रीन लालभडक, आणि त्याच्यासमोर ही. तिने बटण दाबून सगळं बंद केलं. चेहरा असा झाला होता की त्या चेहऱ्यावर रागावणं शक्य नव्हतं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काय शोधत होतीस?" म्हणाली, "चुकून झालं, बाई." मी म्हटलं, "नंतर भेट मला." तिने मान डोलावली. पण मधल्या सुट्टीत ती आली नाही, आणि मी शोधायला गेले तर मला कळलं की लाल आल्याचं सरांपर्यंत पोचलंय आणि त्यांनी तिच्या घरी फोन लावलासुद्धा.

वडील तसेच टेम्पो घेऊन आले. अंगावर कोथिंबिरीची काडी चिकटलेली, हातात चप्पल. हो, ऑफिसात शिरताना त्यांनी चप्पल काढून हातात घेतली होती, बाहेर ठेवावी की नाही ते न कळून. पालकांच्या बाकावर बसले, डोक्यावर ती "आपला पाल्य हुशार आहे" वाली पाटी. सर त्यांना म्हणाले, "मुलीचं लक्ष कुठे आहे ते बघा. एवढंच सांगतो." काय शोधलं होतं हे सरांनाही ठाऊक नव्हतं. यंत्राने शब्द पकडला होता, वाक्य फेकून दिलं होतं. मी मध्ये पडले, "सर, तिच्याशी आधी मी बोलते ना." सर म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना एक." वडिलांनी मुलीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "आज रात्रीच फोनमधलं सगळं काढून टाकतो, सर. पुन्हा तक्रार येणार नाही." आणि खरंच, बोलल्याप्रमाणे केलं त्यांनी.

वर्गात तिचं नाव लाल सिग्नल पडलं. ती आली की पोरं "थांबा, थांबा" म्हणायची. मी दोघांचे कान उपटले, त्याने नाव बंद झालं नाही, फक्त माझ्या पाठीमागे गेलं. तिला दोनदा गाठलं. दोन्ही वेळा तेच, "काही नाही, बाई." मी तिच्या मागेच लागणार होते. खरंच लागणार होते. पण तेवढा वेळ तिला मिळाला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात परतली नाही. दप्तर बाकावर, डबा न उघडलेला. शिपाईदादा म्हणाले, "पोट दुखतंय म्हणून गेली." मी आईला फोन लावला. पलीकडून आधी नुसतं रडणं ऐकू आलं, आणि मग एक वाक्य: "बाई, कुणीतरी तिचा घाण फोटो टाकलाय हो, माझ्या पानावर."

पुरणपोळ्यांच्या फोटोखाली टाकला होता. रोज डबा नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने आईला फोन करून सांगितलं होतं, आणि कुणी तरी शाळेतल्या कुणाला दाखवला होता. मधल्या सुट्टीत तो कुणाच्या तरी फोनवर तिच्यासमोर आला.

मी तास सोडून निघाले. कुणाची परवानगी घेतली नाही, आणि त्या दिवशी कुणाची मला अडवायची छातीही झाली नसती. आई केंद्राच्या पायरीवर उभी होती, दोन्ही हात कणकेचे, तशीच रिक्षात बसली. स्वारगेटला गेलो. मुलगी बसने कुठे गेली असेल तर तिथूनच जाणार. डेपोत एकेका फलाटावर, एकेका बाकावर बघत होतो. शाळेचा गणवेश दिसला की आईचा हात माझं मनगट आवळायचा, आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी निघायची. आई सारखी म्हणत होती, "माझी पोरगी तशी नाही हो, बाई." शेवटी माझं डोकं सणकलं. "तशी म्हणजे कशी?" मी ओरडलेच. "तिने काय केलंय?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला त्या बाईवर नव्हे, सगळ्या जगावर ओरडायचं होतं, पण समोर तीच होती.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. लोणी काळभोरहून, मुलीच्या मावशीचा. सापडली होती.

सोलापूर रस्त्यावरून जाताना हडपसरला गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि आई नुसती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मावशीचं घर शेताच्या कडेला. दारातच मावशी म्हणाली, "आत हाय बगा. कालव्याच्या कडंला बसली हुती एकटीच. शेजारच्या आजीनं बगितलं, 'कुणाची गं तू, हितं काय करतीस?' म्हनून हाताला धरून आणलं. आजी नसती गेली तिकडनं तर..." आणि पदर तोंडाला लावला. मी तिला पुढचं बोलू दिलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

मुलगी खाटेवर बसली होती. पायांना ओली माती. आई तिला बिलगली, तरी ती लाकडासारखी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला आलात? तुमचा तास होता ना." त्या वाक्याने मला भडभडून आलं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

हळूहळू बोलली. एका खेळाच्या ॲपवर तिची एका मुलीशी मैत्री झाली होती. नाशिकची, नववीतलीच, असं ती सांगायची. गप्पा गणिताच्या, मैत्रिणींच्या, आयांच्या. हिने कौतुकाने तिला आईच्या केंद्राचं पान दाखवलं. दिवाळीत नव्या ड्रेसवरचा आपला फोटो पाठवला. साधा, पूर्ण बाह्यांचा ड्रेस. दोन दिवसांनी त्याच फोटोतला चेहरा एका उघड्या अंगावर लावून परत आला. ती मुलगी नव्हतीच. कोण होता कुणास ठाऊक. खरे फोटो पाठव, नाही तर हा आईच्या पानावर टाकतो, असं म्हणत होता.

"मग मला का नाही सांगितलंस गं?" मी विचारलं.

"ते सर म्हणाले होते ना, बाई, सभागृहात. एक फोटो गेला की संपलं." तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. "मला वाटलं, खरंच संपलंय का ते तरी बघू. घरी पप्पा फोन बघतात. म्हणून शाळेत शोधलं."

"काय शोधलंस?"

तिने सांगितलं. शब्द न् शब्द पाठ होता तिला. "माझा नग्न फोटो कोणीतरी खोटा बनवला आहे, मी काय करू."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खाटेशेजारी कळलं. एक पोर सगळ्या जगात कुणाला विचारावं ते न कळून शेवटी शाळेच्या संगणकाला विचारते, आणि शाळा तिला लाल रंगात उत्तर देते: हे शोधायला आई-वडिलांनी शाळेत पाठवलंय का? वर वर्ग हसतो. वर बापाला बोलावतात. बाप रागाच्या भरात ते ॲप, त्या गप्पा, ते खातं, सगळं पुसून टाकतो. तिकडे तो नराधम वाट बघतो, उत्तर येत नाही, आणि म्हटल्याप्रमाणे करून मोकळा होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत गेलो. आई, मुलगी आणि मी. वडील बाहेर टेम्पोत बसून राहिले. तिथल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या, हे सांगायलाच हवं. पहिली गोष्ट त्या मुलीला म्हणाल्या, "गुन्हा त्याने केलाय, बाळा, तू नाही." मुलगी तेव्हा पहिल्यांदा रडली. त्या आठवड्यात तिला हे वाक्य सांगणाऱ्या त्या पहिल्या. त्यांनी पानावरचा तो फोटो काढून टाकायला लावला. पण मग विचारलं, "त्याच्याशी झालेलं बोलणं आहे ना फोनमध्ये?" आईने खाली बघितलं. अधिकारी बाईंनी कपाळाला हात लावला नाही, पण पेन खाली ठेवलं. "पुसायला नको होतं," एवढंच म्हणाल्या. शोध चालू आहे, असं तेव्हा सांगितलं. अजूनही तेच सांगतात.

रविवारी घरी मी माझ्या लॅपटॉपवर तिचं वाक्य टाकलं. जसंच्या तसं. मधे काही लाल आलं नाही. पहिल्याच पानावर उत्तर होतं, मराठीत, चौथीतल्या मुलाला कळेल असं. घाबरू नका. काहीही पुसू नका. त्याचं काही ऐकू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, आणि तक्रार इथे करा. मी ते परत परत वाचलं. चहा गार झाला, त्यावर साय धरली. एवढंसंच होतं ते, आणि आमच्या पाटीने नेमकं तेच झाकलं होतं. मी एकटीच घरात मोठ्याने शिव्या दिल्या, ज्या मी आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या.

सोमवारी सरांच्या खोलीत शिरले ती दार न वाजवता. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बाहेर शिपाईदादांना ऐकू गेलं एवढं नक्की. सर मध्ये म्हणाले, "बाई, मी मुलांच्या भल्यासाठीच..." मी म्हटलं, "हो ना. सगळ्यांनी भल्यासाठीच केलं. त्या वक्त्यांनी, तुम्ही, तिच्या बापाने. तिच्या वाईटावर असा एकच माणूस होता, आणि त्याचंच काम सोपं झालं." सरांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. म्हातारे दिसत होते. "तुम्ही लिहा," म्हणाले. "मला नाही जमणार सरळ."

आणि लिहायला बसले तर मलाही जमेना. हे मला फार लागलं. आयुष्यभर टोमण्यात बोललेल्या बाईला एक साधं वाक्य सुचत नव्हतं. पहिलं लिहिलं त्यात उपदेश आला. दुसऱ्यात चक्क टोमणा आला, हाताला सवय. शेवटी त्या खाटेवरच्या मुलीला समोर आणलं आणि तिच्याशी बोलते तसं लिहिलं. लाल रंग काढला, साधा पांढरा केला, अक्षरं अशी की बसलेल्या मुलाशिवाय कुणाला वाचता येऊ नयेत. मदतीची पानं कंपनीकडून भांडून उघडून घेतली. बाकीचा फिल्टर तसाच ठेवला, कारण घाण तशीच आहे. पालकांना बोलवायचा नियम काढला. पुढच्या व्याख्यानाला मुलं आणि मुली एकत्र बसल्या, आणि वक्ता नव्हता, मीच बोलले.

हे सगळं व्हायला आणि मुलगी शाळेत यायला एकच गाठ पडली. आली ती दाखला घ्यायला. वडिलांनी तिला लोणी काळभोरच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं, मावशीकडे ठेवून. आईने केंद्राचं पान बंद केलं होतं. मी वडिलांना ऑफिसबाहेर गाठलं. "अहो, तिची काही चूक नाही. तिला कशाला घराबाहेर काढताय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, यार्डात लोक विचारतात. काय सांगू मी?" मी म्हटलं, "सांगा की गुन्हा दुसऱ्याने केलाय." ते म्हणाले, "असं कोण ऐकून घेतं?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

दाखल्यावर सही व्हायला वेळ होता. मी तिला संगणक कक्षात नेलं. वर्ग रिकामा होता. ती आपोआप खिडकीजवळच्या तिच्या मशीनवर बसली. मी काही सांगितलं नव्हतं, पण तिने तेच वाक्य टाकलं. आता ते अडलं नाही, मदतीची पानं उघडली. तिने ती खालपर्यंत वाचली. मग मुद्दाम एक घाणेरडा शब्द टाकला, एकटाच, आणि माझ्याकडे बघून किंचित हसली, पूर्वीसारखी. पांढरं पान आलं: "हे पान इथे उघडत नाही. तुला कशाची भीती वाटत असेल, कुणी त्रास देत असेल, तर सांग. तुझी चूक झाली असेल तरी सांग. तुझ्यावर कुणीही रागावणार नाही."

तिने वाचलं. तिचे वडील दारातून आत येऊन तिच्या मागे उभे राहिले होते. या वेळी चप्पल पायात होती, हातात दाखला. तेही तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होते, ओठ हलवत, हळूहळू, शेवटच्या ओळीपर्यंत. ते मागे आहेत हे तिला माहीत नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "हे आमच्या घरी पण लावता येईल का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या मागे पाहिलं. वडील सरळ झाले. दाखल्याची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

"चल गं," ते म्हणाले. "गाडी रस्त्यात उभी आहे."